हंसाबेनच्या सहीचा कागद तुमच्या घरी आहे का?

बडोद्यातल्या सर्व मराठी कुटुंबांना सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या दोघीजणी दांडिया बाजारातल्या एका आजींना भेटायला गेल्या होत्या. आजी नव्वदीच्या. त्यांनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढायला लावली. तळाशी, त्यांच्या आईच्या नऊवारीच्या घडीत, त्यांचं स्वतःचं पदवीचं प्रमाणपत्र निघालं. कडा कसरीनं खाल्लेल्या, पण खालची सही शाबूत: हंसा मेहता. आजी म्हणाल्या, "वडील कॉलेजला पाठवायला तयारच नव्हते. कुलगुरूच बाई आहेत म्हटल्यावर त्यांचं 'नाही' संपलं."

हंसाबेन म्हणजे बडोदा संस्थानचे दिवाण मनुभाई मेहता यांची मुलगी. आपल्या बडोदा कॉलेजातच त्या शिकल्या. १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधिमंडळासाठी उभं राहताना त्यांनी बायकांसाठीची राखीव जागा नाकारली, सर्वसाधारण जागा लढवली आणि निवडून आल्या. पुढे त्या संविधान सभेत गेल्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीनं त्यांनीच सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन' ऐवजी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं, तेही त्यांनी आग्रह धरला म्हणून. आणि १९४९ मध्ये बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा त्या पहिल्या कुलगुरू झाल्या, १९५८ पर्यंत.

सयाजीराव महाराजांच्या आठवणी आपल्याकडे घरोघरी सांगितल्या जातात, आणि ते योग्यच आहे. हंसाबेनच्या मात्र कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. तिथं रोज अभ्यासाला बसणाऱ्या आमच्या मुलींना त्या कोण होत्या, हे सांगता येत नाही. याचा दोष मुलींचा नाही, आम्हीच सांगितलं नाही. त्यांच्या काळात शिकलेल्या मराठी बायका आता मोजक्याच उरल्या आहेत. त्या आहेत तोवर त्यांच्या तोंडून ऐकून एक पुस्तिका काढायची, असं मंडळानं ठरवलं आहे.

म्हणून विनंती. आई, आजी, आत्या, मावशी, कुणीही त्या वर्षांत विद्यापीठात शिकलं असेल, तर प्रमाणपत्र, वर्गाचा फोटो, पत्र, वसतिगृहाची पावतीसुद्धा घेऊन या. तुमच्यासमोरच फोटो काढून कागद लगेच हातात परत देऊ. एकही कागद मंडळाकडे ठेवून घेणार नाही. आजींना बाहेर पडणं जमत नसेल तर आम्ही घरी येऊ. त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करायला आणि मराठीत टाईप करायला कॉलेजच्या मुलामुलींची फार गरज आहे.

स्कॅनर आणि छपाईसाठी पैसेही लागतील. शंभर रुपये दिलेत तरी आनंदानं घेऊ, रीतसर पावती देऊ.

दर रविवारी दुपारी ४ ते ६ मंडळाच्या खोलीवर आम्ही बसलेल्या असतो. कागद जुना असेल तर घडी उलगडू नका, तसाच आणा.