चिऊला तालमीत घातलंय

ती. आण्णा आणि आईस शि. सा. न.

चिऊला मुलींच्या निवासी तालमीत घातलं. फी भरली, ट्रंकही पोचवली. आधी विचारलं असतं तर आई रडली असती आणि मी ढिली पडले असते. रागवा, पण आधी सगळं वाचा.

आण्णा, "पोरींची कुस्ती बघायला कोण येतंय" हे तुमचंच वाक्य. मग २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली, तेव्हा टीव्हीसमोरून जेवायला उठेना ते कोण? पुरुषांची १९६१ पासून चालूच आहे. ऑलिम्पिकात बायकांची कुस्ती आली तीच २००४ ला. साक्षी मलिकनं २०१६ ला पदकसुद्धा आणलं. मी चिऊएवढी होते तेव्हा यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे तुम्ही मला तालमीच्या उंबऱ्याबाहेर थांबवायचात त्याचा राग नाही. तिथनं सगळं दिसायचं की! तुमचा एकेरी पटाचा डाव अजून पाठ आहे. घरी आलात की तुमच्या पाठीवरची लाल माती मी नखानं खरवडायचे, तिला ताक-हळदीचा वास यायचा.

इथं माती नाही, मॅट आहे. तुम्ही नाक मुरडणार, माहीत आहे.

आई, विनेश फोगाटची ऑलिम्पिकची फायनल शंभर ग्रॅम वजनासाठी गेली तेव्हापासून तुझ्या मनात धास्ती आहे. तिला दुसऱ्या दिवशीही पन्नास किलोत बसायचं होतं. चिऊ वाढत्या अंगाची, तिचं वजन उतरवायचं नाही हे वस्तादांकडून कबूल करून घेतलंय. दोन वेळा दूध, अंडी, भिजवलेले बदाम. खोलीत चौघीजणी. शिकवायला बाई आहेत. न्हाणीची कडी मी स्वतः लावून बघितली. कान मोडू नयेत म्हणून कानपट्टाही घेतलाय.

आता ऐका. आण्णा, भेटायला जाताना गुडघ्याला पट्टा बांधायचा आणि डाव बाहेरूनच सांगायचे, मॅटवर उतरायचं नाही. बीपीची गोळी चुकवायची नाही. आई, लाडू दे, पण डबा वस्तादांना दाखवून. आणि तिच्यासमोर लग्नाचा विषय नको, बारा वर्षांची आहे ती!

रविवारी संध्याकाळी मुलींना फोन देतात. तुमचा चार्ज करून ठेवा. पहिले काही रविवार ती रडेल, "मला ने" म्हणेल. तेव्हा मला आधी कळवा, परस्पर एसटीत बसू नका.

तुमची,
बाळी