रविवारच्या सागरकिनारी बागेच्या भेटीबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी आपण खाडीमुखाजवळच्या बागेत जाणार आहोत. सकाळीच जायचे ठरवले आहे, कारण ऊन चढले की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि दुपारपर्यंत खारे वारे जोर धरतात. मग टोप्या सांभाळण्यातच वेळ जातो.

नेमकी वेळ शनिवारी भरती-ओहोटीचा तक्ता पाहून कळवू. मागच्या भेटीची वेळ कृपया गृहीत धरू नका. भरती रोज साधारण 50 मिनिटे उशिरा येते. शिवाय अमावास्या नुकतीच झाल्याने सध्या उधाणाचे दिवस आहेत. पाणी नेहमीपेक्षा वर चढेल आणि ओसरेलही खूप. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, तिथे फोटोसाठीही उतरू नये. मुलांचा हात धरलेला बरा.

ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात पाणपक्षी किडे, शिंपले टिपतात. भरतीत ती जागा बुडते आणि ते काठावर विसावतात. तेव्हा त्यांना उडवले तर त्यांची शक्ती फुकट खर्च होते. लांबूनच पाहा, दुर्बीण असल्यास आणा. पाव, फरसाण टाकू नका, ते त्यांचे खाणे नव्हे.

स्पीकर घरीच ठेवा. तिथे येणारे बहुतेक जण शांततेसाठी येतात, आपणही त्यासाठीच चाललो आहोत. फोनवर बोलायचे असल्यास फाटकाकडे जावे.

पाणी, टोपी आणि कचऱ्यासाठी एक पिशवी सोबत असू द्या. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गटावर नाव कळवावे.