संत्र्याची रास आणि तुझा प्रश्न

नागपूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर सराव परीक्षेचे गुण सांगितलेस आणि मग बोललीच नाहीस. "अंकमालिका मला जमतच नाहीत, बाबा," एवढंच. रात्रभर तेच डोक्यात होतं. सकाळी दुकानात रास लावायला घेतली तेव्हाही तुझा चुकलेला प्रश्न समोर होता: 1, 5, 14, 30, पुढे काय?

मृग बहाराचा माल आहे, फळ घट्ट आहे, रास छान बसते. तळाला पाच ओळी, ओळीत पाच, म्हणजे 25. वरचं प्रत्येक संत्रं खालच्या चारांमधल्या खळग्यात बसतं, म्हणून त्यावर 16, मग 9, मग 4, टोकाला एक. टोकाकडून मोजत आलो. एक. चार मिळवले, 5. नऊ मिळवले, 14. सोळा, 30. हात तिथेच थांबला गं. तळाचे 25 धरले की 55. लहानपणी गोकुळपेठेच्या बाजारात माझ्याजवळ बसून हीच रास तू कितीदा लावली आहेस!

तू पाठवलेला कच्च्या कामाचा फोटो मी नीट पाहिला. त्यात तू पहिल्यांदा सूत्र आठवायला जातेस. तसं करू नकोस. आधी दोन-दोन आकड्यांमधला फरक खाली लिही. इथे 4, 9, 16 आले की वर्ग आपोआप दिसतात. फरकांतून काही कळलं नाही तर फरकांचेही फरक काढ. आकडे झपाट्याने वाढत असतील तर गुणाकार बघ: 6, 13, 27, 55 मध्ये दुप्पट करून एक मिळवलाय, पुढे 111. आणि 7, 50, 9, 45, 11, 40 असे वरखाली होत असतील तर एकाआड एक अशा दोन मालिका असतात, पुढचा 13.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दोन पायऱ्या जुळल्या की तू लगेच उत्तरपत्रिकेतला गोल काळा करतेस. 2, 3, 5 नंतर मूळ संख्या धरल्या तर 7 येतो, मागच्या दोघांची बेरीज धरली तर 8. तिथे चौथा आकडा बघितल्याशिवाय ठरवताच येत नाही. आपल्याकडे नेहमी येणाऱ्या एका गणिताच्या सरांनी मला पिशवीच्या कागदावर गोल काढून दाखवलं. गोलावर ठिपके वाढवत जायचे, प्रत्येक ठिपका बाकीच्यांना जोडायचा, आत किती तुकडे पडले ते मोजायचे. 1, 2, 4, 8, 16. मी लगेच म्हटलं, सहा ठिपक्यांना 32. ते म्हणाले, मोजा. पेन्सिलीने एकेक तुकड्यावर खूण करत दोनदा मोजले. 31! (तीन रेषा एकाच जागी मिळू द्यायच्या नाहीत, नाहीतर 30 होतात.) तो कागद मी गल्ल्यात जपून ठेवलाय.

म्हणून नियम सापडला की दिलेल्या प्रत्येक आकड्याला लावून बघ. दहा सेकंद लागतात. चुकलं की पाव गुण कापतात, ते वाचतात. मिनिटभरात काही सुचलं नाही तर खूण करून पुढे जा, शेवटी परत ये.

उद्याच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला पेटी पाठवतोय. वरचा थर आधी संपव, तो जास्त पिकलाय. खोलीतल्या मुलींनाही दे. आई म्हणते रात्री एकपर्यंत जागू नकोस. रविवारच्या पेपरमधल्या सगळ्या मालिका मला पाठव, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, मीही सोडवून बघतो.

तुझे
बाबा