मागचा ब्रेक लागत नाही, पण कसा लागत नाही ते सांग

प्रिय पोरी,

काल बोलता बोलता तुई रेंज गेली, तिकडं जंगलात शिरलं की ते होतेच, म्हणून लिहून पाठवून राहिलो, रेंजमध्ये आली की निवांत वाचजो. तू म्हणाली मोटरसायकलीचा मागचा ब्रेक नावालाच हाय, मेळघाटातल्या सेमाडोहच्या उतारावर दाबून दाबून पाय दुखला, आन मेकॅनिकनं गाडीले हात न लावताच नवे पॅड टाका म्हणून सांगितलं. थांब जरा, पैसे देऊ नको अजून.

एसटीच्या डेपोत ड्रायव्हर लॉगशीटवर 'ब्रेक कमी' एवढंच लिहून घरी जाय, आन आम्ही दुसऱ्या दिवशी त्याले शोधत फिरो, का बाप्पा कमी म्हणजे कसा कमी? तुलेही तेच विचारतो. पेडल नरम लागते, खालपर्यंत जाते, पण भराभर पंप केलं की वर येते, असं असन तर ब्रेक ऑईलच्या लाईनमध्ये हवा हाय. दाबून धरलं की हळूहळू खाली बसत जाते आन बाहेर कुठं गळती नाही, तर मास्टर सिलेंडरमधलं, म्हणजे पेडलजवळ ऑईल दाबणाऱ्या पंपातलं, रबर गेलं, त्याची किट टाका लागते. आन पेडल चांगलं कडक हाय तरी गाडी थांबत नाही, तर मग हवा काढत बसू नको, सरळ कॅलिपर, म्हणजे डिस्कले पकडणारा चिमटा, आन त्यातले पॅड पाहा लागते. गाडी उभी असताना हातानं पेडल दाबून पाहजो, बुटातून काही समजत नाही.

तुया बोलण्यावरून मले वाटते कॅलिपरच जाम हाय. सेकंडहँड गाडी, पहिल्या मालकानं पावसाळाभर वावरात फिरवलेली, आपली काळी माती एकदा त्या पिनांच्या रबरात शिरून वाळली की काही खरं नाही. कॅलिपर त्या पिनांवर डावीउजवीकडं सरकला पाहिजे, तो सरकला नाही तर एकच पॅड काम करते, दुसरं नुसतं उभं राहते. दोन्ही पॅड काढून शेजारी शेजारी ठेवजो. एक झिजून पत्र्याले आलं आन दुसऱ्यावर घासायचा मसाला भरपूर, नाहीतर एकच पॅड तिरपं झिजलं, तर समजून जाय. अशात नवे पॅड टाकले तरी तेही तसेच झिजन. पिना काढायच्या, जुनं ग्रीस पुसायचं, गंजल्या असन तर बारीक पॉलिश पेपर मारायचा, फाटलेलं रबर बदलायचं आन ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावायचं, पातळ. ट्रॅक्टरचं पिवळं ग्रीस तिथं लावू देऊ नको कोणाले, त्यानं रबर फुगते आन पिन जास्तच धरते. पॅडले ढकलणारा पिस्टनही पाहून घेजो, पेडल हळूच दाबून थोडा बाहेर आणायचा, ब्रेक क्लीनरनं पुसायचा आन अंगठ्यानं परत आत ढकलायचा. पुरा बाहेर काढू नको, मग ते काम रस्त्यावरचं राहत नाही.

आता पॅड. चेनले नव्वद नंबरचं ऑईल मारत असशील, सगळेच मारतात, ते उडून डिस्कवर जाते. तेल पिलेलं पॅड गॅसवर भाजून चालवणारे लय पाहिले, वरवर जळते, आतलं तिथंच राहते, ते फेकायचंच. नुसतं वरून काचेवानी चकाकत असन तर सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून घासून काढजो, धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नको. नवे घ्यायचेच झाले तर सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, घेजो, पाण्याचिखलात ते साध्यापेक्षा बरे धरतात, डिस्कले थोडे जास्त खातात, खाऊ दे. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, त्याच्या खाली गेली असन तर डिस्कही बदला लागन.

ब्रेक ऑईलचा रंग मेकॅनिकनं पाहिला का? कोऱ्या चहासारखं झालं असन तर ते कधी बदललंच नाही. हे ऑईल हवेतलं पाणी ओढते. डॉट 4 जातीचं ऑईल नवं असताना 230 डिग्रीच्या वर उकळते, पाणी पिलं की तेच 155 वर येते, आन तू घाटात उतारभर पाय ठेवून चालली तर कॅलिपर तापून आत वाफ होते आन पेडल खाली जाते. गाडीवरच्या ब्रेक ऑईलच्या डबीच्या झाकणावर जे लिहिलं असन तेच घालजो, सील फुटलेली बाटली घेऊ नको, कितीही स्वस्त दिली तरी. गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारजो, रंग सोडवते ते.

हवा काढायचं तर तुले येते, स्कुटीचा काढलाच होता ना आपण दोघांनी. पेडल दाबून धर, निपल, म्हणजे कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू, खोल, बंद कर, मगच पेडल सोड, नळी बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडलेली पाहिजे आन डबी रिकामी होऊ द्यायची नाही. तुया गाडीले एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, पुढच्याच चाकाले हाय, मागची लाईन साधी, म्हणून सोपं. मागच्या ब्रेकची गंमत अशी का मास्टर सिलेंडर खाली असते आन पाईप वरून फिरून जाते, हवा वरच्या वाकावर अडून बसते. कॅलिपर खोलून निपल वर येईल असा धरायचा, पॅडच्या मधात लाकडाचा तुकडा घालायचा, आन पाईपले स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टिचक्या मारत राहायचं. बुडबुडे येतात मग.

एक काम मात्र करू नको. पेडलचा रॉड कसून फ्री प्ले संपवू नको. पेडल वर आलं म्हणून ब्रेक चांगला झाला असं वाटते, पण ऑईल परत डबीत जायचं भोक झाकलेलं राहते, पॅड डिस्कले घासत राहतात, तापतात आन दहा किलोमीटरवर ब्रेक गायब. थोडी ढील पाहिजेच. पेडलची उंची वेगळी बसवायची, तुया ड्युटीच्या बुटावर, बसून पाहजो आन फूटरेस्टवर उभी राहूनही पाहजो.

हे सगळं करूनही पेडल स्पंजवानी राहिलं तर पाईप. ब्रेक दाबला की जुना रबरी पाईप फुगते, स्टीलच्या जाळीचा टाकला की फरक पडते. पण तो शेवटी, पहिले नाही, पोरं आधी तेच घेतात कारण दिसायले छान दिसते.

पॅड घासले का नवे टाकले की रिकाम्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या स्पीडवरून मध्यम दाबून गाडी हळू करत जाजो, पुरी थांबवू नको, मधात थंड होऊ दे, असं पंधरा-वीस वेळा. लगेच घाटात घालू नको. आन उतारावर गिअर खाली ठेवजो, पाय पेडलवरून काढून. मागचा ब्रेक किती का चांगला झाला तरी थांबवायचं खरं काम पुढचाच करते, मागचा गाडी सरळ ठेवते, एवढ्याच हिशोबानं त्याले जोर पाहिजे.

तुई माय म्हणते गाडी इकून ऑफिसच्या जीपनं फिर. मी काही बोललो नाही. जुने पॅड कुठं फेकू नको, सुट्टीत येशील तेव्हा दोन्ही पिशवीत घेऊन येजो, मले पाहायचे हाय कोणत्या बाजूनं झिजले ते.

तुया बाबा