पिशवीवरची तारीख आणि फ्रिजबाहेरची वेळ

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘वडिलांना महिनाभर जुने रक्त चढवले’ अशी तक्रार करणारे पत्र आपल्या अंकात वाचले. रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. ‘जरा ताजी पिशवी बघा ना’ हे वाक्य खिडकीपलीकडून इतक्यांदा ऐकले आहे की उत्तर तोंडपाठ झाले होते. पण ते नेहमी घाईत दिले जायचे, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

त्या वाचकाची शंका अगदीच निराधार नाही. 2 ते 6 अंशांत ठेवलेल्या पिशवीत तांबड्या पेशी सावकाश का होईना, जगत असतात. साखर वापरतात आणि त्यातून तयार होणारे लॅक्टिक आम्ल त्याच पिशवीत साठत जाते. ते काढून टाकायला तिथे ना यकृत ना मूत्रपिंड. थंडीमुळे पेशीच्या आवरणातला पंप जवळपास थांबतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपते. हिमोग्लोबिनकडून ऑक्सिजन सुटायला मदत करणारे 2,3-डीपीजी हे द्रव्य तर दोन आठवड्यांतच संपत येते. पुढे चकतीसारखी पेशी काटेरी होते, मग गोल आणि ताठर. आवरणाचे बारीक फुगे सुटतात, काही पेशी फुटतात.

घाबरू नका. शरीरात गेल्यावर डीपीजी दोन-तीन दिवसांत पूर्ववत होते आणि पोटॅशियमही पेशी पुन्हा आत ओढून घेतात. साठवणीच्या द्रावणानुसार 35 किंवा 42 दिवसांची मुदतही कोणी मनाने ठरवलेली नाही. चढवल्यानंतर 24 तासांनी सरासरी 75 टक्के पेशी तरी रक्तात टिकल्या पाहिजेत, ही त्यामागची कसोटी. उरलेल्या पाव हिश्श्याचे काय, असे मला कधी कुणी विचारले नाही! त्या पेशी प्लीहा आणि यकृतात मोडतात आणि त्यांचे लोह शरीराला सांभाळावे लागते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 60 निरोगी स्वयंसेवक घेतले होते. त्यांचेच रक्त साठवून त्यांना परत दिले गेले. सहा आठवडे जुन्या पेशींनंतर ही मोडतोड ठळकपणे वाढलेली दिसली. मर्यादा 35 दिवसांची करावी, असे त्या संशोधकांनी सुचवले. मला ते पटते.

मग जुन्या रक्ताने रुग्ण दगावतात का? 2008 साली हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासून तसा निष्कर्ष निघाला होता आणि भीती पसरली ती तिथून. पण जास्त आजारी माणसाला जास्त पिशव्या लागतात, आणि जास्त पिशव्यांत एखादी जुनी निघणारच. पुढे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे गट पाडून चाचण्या झाल्या : 2015 मध्ये अतिदक्षता विभागातले सुमारे 2,400 रुग्ण, 2016 मध्ये 20 हजारांहून अधिक, 2017 मध्ये जवळपास 5 हजार. ताजे रक्त मिळालेल्यांचे मृत्यू कमी झाले नाहीत. अर्थात या चाचण्यांतले ‘जुने’ रक्त सरासरी तीन आठवड्यांच्या आसपासचे होते. शेवटच्या आठवड्यातल्या पिशवीबद्दल त्यातून फारसे कळत नाही, हेही सांगितले पाहिजे.

तान्ह्या बाळाचे सगळे रक्त बदलायचे असेल तर ताजी पिशवी मागावीच, कारण तिथे पोटॅशियमचा धोका खरा असतो. बाकीच्यांनी हट्ट धरला की जुन्या पिशव्या मागे पडून बाद होतात.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. तारीख सगळे बघतात, पण पिशवी फ्रिजमधून निघाल्यावर तिचे काय होते ते कुणी बघत नाही. ती वॉर्डात खिडकीत पडून राहिलेली मी पाहिली आहे. साध्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवलेलीही पाहिली आहे. गोठले की पेशी फुटतात आणि ते रक्त देण्यालायक राहत नाही. ‘फार गार आहे’ म्हणून गरम पाण्यात धरणारेही भेटले. वास्तविक अर्ध्या तासात सुरू करता येणार नसेल तर पिशवी लगेच रक्तपेढीत परत द्यायची, आणि एकदा सुरू केली की चार तासांत संपवायची. दहा दिवसांची ताजी पिशवी दुपारभर टेबलावर राहिली, तर तीस दिवसांची नीट थंड राहिलेली मी डोळे झाकून निवडेन.

तेव्हा मुदतीच्या तारखेशेजारी पिशवी फ्रिजबाहेर काढल्याची वेळही ठळक लिहिलेली असावी, आणि नातेवाइकांनी आधी ती विचारावी.

आपला,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ