जुनी जनरेटर खोली आणि पडलेल्या आंब्याचा बुंधा मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
मनीषनगर, नागपूर
दि. ६ मे

विषय : लाकूडकामाच्या लेथसाठी जुनी जनरेटर खोली भाड्याने मिळणे व आंब्याचा बुंधा टालवाल्याला न देणे.

अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या अवकाळी वादळात मागच्या अंगणातला आपला आंबा उन्मळून पडला. महापालिकेच्या उद्यान विभागाची माणसं येऊन फांद्या कापून गेली. बुंधा मात्र कंपाउंडच्या भिंतीला लागून भर उन्हात पडून आहे, आणि तो जळाऊ म्हणून टालवाल्याला द्यायचं चाललंय असं कळलं. तो देऊ नका, ही माझी पहिली विनंती. दुसरी विनंती जुन्या जनरेटर खोलीची, लाकूड फिरतं ठेवून पटाशीने गोल कातायचं मशीन, म्हणजे लेथ, तिथे लावण्यासाठी. दोन्हींचा निर्णय येत्या रविवारच्या बैठकीत व्हावा, कारण लाकूड वार्षिक सभेपर्यंत थांबणार नाही.

ते का थांबणार नाही, हे जरा सविस्तर लिहिते. ओलं लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही, पण खोडातल्या वर्तुळांच्या दिशेने गाभ्याच्या दिशेपेक्षा साधारण दुपटीने आकसतं. त्या ओढाताणीत बुंधा गाभ्यापासून फाटत जातो. त्यातून कापलेल्या टोकांमधून पाणी सगळ्यात भराभर उडतं. मेमधलं आपलं ४४-४५ अंशांचं कोरडं ऊन त्या टोकांवर पडलं, की काही दिवसांत बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. पुढे पावसाळा लागला की बुरशी आणि किडा. आंबा सागवानासारखा टिकाऊ नाही, तो लगेच किडतो. म्हणून बुंध्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा उभा चिरून मधला गाभा काढून टाकायचा, टोकांना मेण फासायचं आणि सावलीत रचून ठेवायचं. एवढं या आठवड्यात झालं, तर ज्या झाडाच्या कैऱ्यांचं लोणचं आपण सगळ्यांनी खाल्लं त्याच्या लाकडाचे कटोरे घराघरांत राहतील. टालवाला देईल ती रक्कम मी सोसायटीला भरायला तयार आहे.

आता लेथबद्दल. मशीन घरी आलं आहे, अजून खोक्यातच आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ‘आता घरात कारखाना काढणार का’ असं विचारलं, आणि त्यांची काळजी मला पटते. आपली सोसायटी राहण्यासाठी आहे. मी विकण्यासाठी काही करणार नाही, हे लेखी देते. मोटर एक हॉर्सपॉवरची, म्हणजे साधारण ७५० वॅटची आहे. स्वयंपाकघरातला मिक्सरही तेवढाच असतो. तरीही वेगळा सबमीटर लावून बिल मीच भरेन.

आवाजाचा प्रश्न खरा आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियम, २००० ची मर्यादा आहे. जनरेटर खोलीला कुणाचीही बेडरूम लागून नाही. मशीनखाली रबर आणि स्टँडवर वाळूची पोती ठेवली की थरथर जमिनीत उतरत नाही. पटाशीला धार असेल तर लाकूड सरसर कापलं जातं, बोथट झाली की ते खरवडलं जातं आणि कर्कश आवाज येतो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे मी कटोऱ्याला हातच लावणार नाही. धार लावणं आणि बारक्या काठ्यांवर लाटणी काढणं एवढंच करेन. वेळ सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ७. उन्हाळ्यातली दुपारची झोप आणि मुलांच्या परीक्षा यांच्या आड मी येणार नाही. बुंधा कापायला चेन सॉ लागेल, तिचा आवाज मोठा आहे आणि तो लपवण्यासारखा नाही. तेवढं एकदाच, नोटीस लावून, रविवारी सकाळी उरकू.

धुळीचं म्हणाल तर ओलं लाकूड कातताना धूळ उडत नाही, लांब ओलसर ढलप्या निघतात. त्या वाळल्या की आपल्या कंपोस्टच्या खड्ड्यात चालतील, तिथे ओल्या कचऱ्यावर टाकायला कोरडं काही नसल्यानेच वास मारतो. बारीक धूळ होते ती वाळलेल्या लाकडाला पॉलिश पेपर मारताना. लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांत मोडते. त्यामुळे ते काम दार बंद करून, मास्क लावून, धूळ ओढणारं मशीन चालू ठेवूनच होईल.

सुरक्षेबाबत समितीने माझ्याकडून अटी लिहूनच घ्याव्यात. लेथजवळ पदर, ओढणी, बांगड्या, मोकळे केस चालत नाहीत. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड हवी. आठ इंची तुकडा नीट गोल होईपर्यंत वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपासच ठेवायचा आणि बटण दाबण्याआधी तो हाताने एकदा फिरवून बघायचा. मशीन चालू असताना दाराला आतून कडी असेल, एरवी कुलूप, म्हणजे खेळता खेळता मुलं आत येणार नाहीत. एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कटोऱ्याला मी आपल्याकडचंच जवसाचं तेल लावणार आहे, आणि त्या तेलाचे बोळे चुरगळून एका जागी टाकले तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ते पाण्याच्या डब्यात बुडवूनच टाकले जातील. अग्निशमन सिलिंडर माझ्या खर्चाने.

आंब्याचा कटोरा लगेच होत नाही, हेही सांगते. दहा इंची कटोऱ्याची भिंत आधी इंचभर जाड ठेवून तो ओबडधोबड कातायचा आणि काही महिने सावलीत वाळू द्यायचा. वाळताना तो अंडाकृती होतो, मग पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. तोवर लकडगंजच्या लाकूडबाजारातून सागवानाचे वाळलेले तुकडे आणून सोसायटीतल्या मुलांच्या तान्ह्या पोळ्याला मिरवायच्या लाकडी नंदींना चाकं कातून देईन. गेल्या वर्षी निम्म्या नंदींची चाकं मिरवणूक संपायच्या आत निखळली होती. आपल्याकडे कातारी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले, लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब. सोसायटीतल्या कुणाला शिकायचं असेल तर मला फार आनंद होईल.

खोलीचं भाडं समिती ठरवेल ते मान्य. सहा महिने बघा, तक्रारी आल्या तर खोली रिकामी करून देते. रविवारच्या बैठकीत मला पंधरा मिनिटं द्या. त्याआधी एक तास खोलीची किल्ली मिळाली तर लेथ तिथे लावून चालवून दाखवते, काकूंनी आपल्या गॅलरीत उभं राहून आवाज ऐकावा आणि मग समितीने ठरवावं. तोवर वॉचमनना सांगून बुंध्यावर ओली पोती टाकून घ्यावीत. पोती मी आजच खाली ठेवते आहे.

कळावे,
आपली,
बी विंग, तळमजल्यावरील सभासद

प्रत : मा. सचिव