टक्का खाली, चोरी जागेवर

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. पत्र पीएच.डी.तल्या उचलेगिरीबद्दल आहे, त्यातही जिला रीतसर प्रमाणपत्र मिळतं तिच्याबद्दल.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ आहे. ४० पर्यंत गेलं तर सुधारून पुन्हा द्यायचं, ६० च्या वर नोंदणीच रद्द. कागदावर चोख. पण हे साम्य मोजणारं सॉफ्टवेअर मराठी वाचतं का, हे कुणी तपासलंय? आमच्याकडे कितीतरी प्रबंध अजून कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. त्यात 'मराठी' लिहिलं तर पडद्यावर मराठीच दिसतं, फाइलीत मात्र ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं साठतात. ज्यातून उचललं तो मजकूर इंटरनेटवर युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांच्याच संकेतांत असेल, तर दोघांची गाठ पडणार कशी? शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले कित्येक जुने प्रबंध तर नुसते स्कॅन, म्हणजे पानांचे फोटो.

युनिकोडवाल्यांची सोय वेगळी. टायपिंगवाला आधीच विचारतो, "सर, टक्का कितीवर आनाचा हाये?" कापूस उत्पादकांवरच्या एका प्रबंधात 'कृषक' आणि 'कार्पास' वाचलं तेव्हाच समजलो, उचललेल्या मजकुरातले शब्द बदलून टक्का खाली आणलाय. यवतमाळात कार्पास कुणी पेरत नाही, साहेब.

आता यात भरडलं कोण जातं ते सांगतो. आमच्या एका विद्यार्थिनीनं कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीत, बसून बायकांची गाणी उतरवली. ती गाणी तिच्या नावाशिवाय दुसऱ्याच्या प्रबंधात आली. गाणाऱ्या बायकांची नावं तर केव्हाच गळाली होती. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली गाणाऱ्यांचे हक्क घातले गेले, पण ते पोडापर्यंत पोचवायचे कुणी? पोरीनं तक्रार केली. उत्तर आलं: साम्य मर्यादेत आहे.

म्हणून मागणं एवढंच. प्रबंध युनिकोडमध्ये असल्याशिवाय स्वीकारू नये. जुने स्कॅन मजकुरात आणायला विद्यापीठांना पैसे द्यावेत. गडचिरोली-अमरावतीच्या विद्यापीठांनी ते स्वतःच्या खिशातून करावं ही अपेक्षा फुकाची आहे. आणि तक्रार आली की टक्क्याचा कागद बाजूला सारून, मराठी जाणणाऱ्या दोन माणसांनी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचावेत. त्या पोरीची तक्रार अजून निकाली निघालेली नाही, सुरुवात तिथून करता येईल.

आपला,
एक मराठीचा प्राध्यापक